यादीत न बसलेला चावा

वनविभागाची एक यादी आहे. वाघ, बिबट, अस्वल, गवा, रानडुक्कर, लांडगा, तरस, कोल्हा, मगर, हत्ती, रानकुत्रा वगैरे. यातल्या एखाद्या जनावराने माणसावर हल्ला केला की सरकार भरपाई देतं. माणूस दगावला तर २५ लाख, कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात लाख, जखम गंभीर असेल तर ५ लाख. किरकोळ असेल तर औषधपाण्याचा खर्च.

आपल्या भंडारा जिल्ह्यात ही यादी पाढ्यासारखी पाठ आहे. कोक्याच्या जंगलालगतच्या गावाला विचारा, साकोलीच्या अंगाने नागझिऱ्याला चिकटलेल्या गावाला विचारा, पवनीकडे कऱ्हांडल्याच्या काठावर विचारा. कोणाला फोन करायचा, पंचनामा कोण करतो, डॉक्टरचा दाखला कसा हवा, किती पैसे लगेच मिळतात आणि किती मुदत ठेवीत जातात, हे बारावी नापास पोरगंही सांगेल. हे ज्ञान फुकट आलेलं नाही. त्यासाठी माणसं मेली, लोक रस्त्यावर बसले, आमदारांना अडवलं, तेव्हा कुठे रक्कम वाढत वाढत इथवर आली.

आता त्या यादीतलं एक नाव पुन्हा वाचा. रानकुत्रा. नागझिऱ्यात रानकुत्र्यांचे कळप आहेत, पर्यटक मुद्दाम बघायला येतात. पण हे जनावर माणसाच्या वाटेला जवळजवळ जातच नाही. आपली चाहूल लागली की कळप आत सरकतो. तरी तो यादीत आहे, आणि असायलाच हवा. उद्या एखादा चावलाच तर?

गावातलं कुत्रं मात्र रोज चावतं. २०२४ या एका वर्षात महाराष्ट्रात कुत्र्यांच्या चाव्यांची ४ लाख ८५ हजारांहून जास्त प्रकरणं नोंदली गेली. केंद्र सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे हा. त्या वर्षी देशात आपला पहिला नंबर. आणि गावकुत्रं यादीत नाही.

जंगलातलं कुत्रं चावलं तर सरकारची जबाबदारी, बोडीच्या पाळीवरचं चावलं तर तुमचं नशीब. माझं भांडण या वाक्याशी आहे.

आमच्या गल्लीत एक मावशी राहते. गेल्या आषाढातली गोष्ट. धान रोवण्याचे दिवस, सकाळी सहाला डबा घेऊन निघाली. बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर तीन-चार कुत्री बसलेली. ती नेहमीच बसतात, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. त्यातल्या एकाने मागून येऊन पोटरी धरली. ती ओरडली, डबा फेकला, तेव्हा सोडली. मी पोचलो तर कोणीतरी हळद-चुना लावायच्या तयारीत होतं. तिच्या नातीने ऐकलं नाही. शाळेत शिकलेली पोर, तिने आजीला बोरिंगखाली बसवलं आणि कपड्याच्या साबणाने जखम धुवायला घेतली. पंधरा मिनिटं धुवायची असते म्हणाली. पंधरा मिनिटं मी बोरिंग हापसली. लाल पाणी वाहून गेलं आणि दातांच्या खुणा मोकळ्या दिसल्या. चार. एक खोल, तीन उथळ.

जवळच्या दवाखान्यात लस होती. पण रक्त निघालेल्या चाव्याला नुसती लस पुरत नाही, जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन भरावं लागतं, कारण लसीचा असर व्हायला दिवस लागतात आणि तेवढ्या दिवसांत विषाणू नसेतून वर चढू शकतो. ते तिथे नव्हतं. चिठ्ठी लिहून पुढे पाठवलं. पुढच्या दवाखान्यात संध्याकाळी मिळालं. हे औषध दंडात देत नाहीत. दाताच्या प्रत्येक खुणेत सुई घालून आत फिरवतात. मावशीने माझं मनगट धरलं होतं. चौथ्या खुणेपर्यंत बोटं बधिर झाली माझी. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, आजची मजुरी गेली."

पुढच्या सुया तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दर खेपेला गाडीभाडं आणि दर खेपेला एक दिवस. शिवाय उघडी जखम घेऊन धानाच्या चिखलात उभं राहता येत नाही, म्हणून आणखी आठवडा घरी. रोवणा तीन-चार आठवड्यांचा असतो. त्या पैशांवर नातीची पुस्तकं, दिवाळी आणि मंडईच्या जत्रेचा खर्च असतो. कुत्र्याने एक सेकंद पोटरी धरली आणि रोवण्याची निम्मी कमाई गेली.

मी म्हटलं, मावशी, भरपाई मागू. ती म्हणाली, "कोनाले मागाची? कुत्रं का कोनाच्या मालकीचं हाये? नशिबात होतं, चाबलं."

नशिबाचा यात काही संबंध नाही. गावातली कुत्री पकडून त्यांची नसबंदी करणं, त्यांना रेबीजची लस टोचणं आणि हे सतत करत राहणं, ही स्थानिक स्वराज्य संस्थेची कायद्याने ठरलेली जबाबदारी आहे. २००१ पासून त्याचे नियम आहेत, २०२३ मध्ये नवे आले. शहरात नगरपरिषद, गावात ग्रामपंचायत. तुमच्या गावात नसबंदी झालेलं कुत्रं शेवटचं कधी पाहिलंत? त्याच्या कानाला खाच असते. मी आमच्या गावात मुद्दाम कान बघत फिरलो. एकालाही नाही. काम झालेलं नाही, हे कुत्र्यांच्या कानावरून वाचता येतं. आणि नेमून दिलेलं काम न केल्यामुळे माणसाला इजा झाली, तर ते न करणाऱ्याने भरपाई द्यावी, एवढा साधा कायदा आहे हा.

कोणी म्हणेल, पुस्तकात असेल. तर प्रत्यक्षात काय झालं ते ऐका. बेळगाव जिल्हा, बाळेकुंद्री खुर्द. आपलीच मराठी बोलणारी माणसं तिथे आहेत. २०१८ मध्ये तिथे दोन वर्षांच्या लेकराला भटक्या कुत्र्यांनी फाडलं आणि ते गेलं. बाप उच्च न्यायालयात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने ग्रामपंचायतीला सांगितलं की कुत्र्यांचा बंदोबस्त तुमचं काम होतं, या बापाला १० लाख रुपये द्या. ग्रामपंचायतीला सांगितलं, हे लक्षात घ्या. आमच्याकडे निधी नाही, आमच्याकडे डॉक्टर नाही, कुत्रं बाहेरगावचं होतं, ही आपल्याकडे रोज ऐकू येणारी उत्तरं त्या आदेशापुढे टिकत नाहीत.

पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालय २०२३ मध्ये त्याच्याही पुढे गेलं. मोकाट जनावरांमुळे इजा झालेल्यांच्या १९३ याचिका एकत्र निकाली काढताना न्यायालयाने चक्क दर लावून दिला. कुत्र्याच्या दाताच्या एका खुणेला किमान १० हजार रुपये. मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २० हजार. जिल्हा प्रशासनाच्या प्रमुखाच्या अध्यक्षतेखाली समिती, आणि अर्ज आल्यापासून चार महिन्यांत निर्णय. पहिली जबाबदारी राज्याची. नंतर ते कसूर करणाऱ्याकडून वसूल करू शकतं. चावलेल्या माणसाने कोणाचं कुत्रं, कोणाचा वॉर्ड हे शोधत फिरायचं नाही.

दाताचे पैसे मोजणं काहींना ओंगळ वाटलं. मला यात माणसाची कदर दिसते. दर नसेल तर गरिबाला काय मिळतं? "बघू." दर लिहिलेला असला की मावशीसारखी बाई पोटरीवर बोट ठेवून मोजू शकते आणि समोरच्याला खालमानेने ऐकावं लागतं.

तो निकाल पंजाब, हरियाणा आणि चंडीगडपुरता आहे, आपल्याकडे तो बंधनकारक नाही. पण आपलं उच्च न्यायालय काय म्हणतं? १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यावरचे खड्डे आणि उघडी मॅनहोल यांबद्दल आदेश दिला. खड्ड्यामुळे मेला तर वारसांना ६ लाख, जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख. पालिकेचा प्रमुख अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सचिव मिळून दावा तपासतील, सहा ते आठ आठवड्यांत पैसे देतील. सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, म्हणून ही मेहरबानी नसून हक्क आहे. हे आपलंच न्यायालय. नागपूर खंडपीठ त्याचंच, आणि भंडारा त्या खंडपीठाच्या कक्षेत येतो. ज्या रस्त्यावरच्या खड्ड्याला भरपाई आहे, त्याच रस्त्यावरच्या चाव्याला नाही, हे कोणत्या तर्कात बसतं? दोन्हीकडे एकच संस्था आपलं काम विसरलेली असते.

दिल्लीत काय चाललं आहे ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून विषय हाती घेतला. ऑगस्टमध्ये एक आदेश, अकरा दिवसांत त्यात बदल. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवण्याचा आदेश, आणि दवाखान्यांनी लस व इम्युनोग्लोब्युलिनचा साठा कायम ठेवावा हाही. त्याच्याही आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, आपल्या नागपूर खंडपीठाने रस्त्यावर कुत्र्यांना खाऊ घालण्याबद्दल आदेश दिला होता, त्यावर महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. कुत्री ठेवायची कुठे, खायला घालायचं कोणी, सोडायची कुठे, यावर वकिलांची फौज उभी आहे. चावलेल्या माणसाला काय द्यायचं, हा प्रश्न या गदारोळात शेवटच्या बाकावर बसला होता. जानेवारी २०२६ च्या सुनावणीत तो पुढे आला. राज्यांनी व्यवस्था केली नाही तर प्रत्येक चाव्यासाठी, प्रत्येक मृत्यूसाठी मोठी भरपाई त्यांच्यावर बसवू, असं न्यायालयाने बजावलं. खरं तर केरळात २०१६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमून चाव्यांचे दावे तपासायला लावले होते. म्हणजे वाट जुनी आहे. आपण त्या वाटेने गेलो नाही.

सरकार का कचरतं? साधा गुणाकार करा. ४ लाख ८५ हजार चावे, प्रत्येकाला फक्त १० हजार. ४८५ कोटी रुपये होतात. हा आकडा बघून वित्त खात्याला घाम फुटेल. फुटू द्या. हा खर्च आजही होतोच आहे, फक्त तो मावशीच्या रोवण्यातून होतो आहे. चावा जोवर पालिकेला फुकट पडतो, तोवर नसबंदी तिला महागच वाटणार. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात चाव्यांची भरपाई हे एक खातं उघडा, बघा दुसऱ्या वर्षी नसबंदीचं टेंडर किती झपाट्याने निघतं.

कुत्र्यांना विष घालणाऱ्यांनाही इथेच सांगतो. तो गुन्हा आहे. क्रूर आहे, आणि वर निरुपयोगीही. मेलेल्या कुत्र्यांच्या जागी बाहेरची, लस न टोचलेली कुत्री येतात. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली की रेबीजची साखळी तुटते, हे जगभर सिद्ध झालं आहे. रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस जवळपास वाचतच नाही. त्यापुढे कोणतीही भरपाई कामाची नाही. म्हणून जखम आधी धुवा, सुई आधी घ्या, भांडण नंतर करा.

पण भांडण करा. आणि त्याची तयारी दवाखान्यातच सुरू होते. आपल्याकडे केसपेपरवर "डॉग बाइट" एवढे दोन शब्द लिहून चिठ्ठी हातात देतात. डॉक्टरांना हात जोडून सांगा, पूर्ण लिहा: भटकं कुत्रं की पाळीव, कुठे चावलं, किती वाजता, दातांच्या खुणा किती, जखम किती लांब, मांस निघालं का. जखमेचा फोटो काढा, बाजूला मोजपट्टी किंवा नाणं ठेवून, धुतल्यानंतर आणि पट्टी बांधायच्या आधी. पोलीस ठाण्यात जाऊन स्टेशन डायरीत नोंद करायला लावा. वाघाच्या हल्ल्यानंतर आपण पंचनाम्याशिवाय हलत नाही, मग इथे का हलतो? त्यानंतर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा की गेल्या तीन वर्षांत नसबंदीवर आणि लसीकरणावर किती रुपये खर्च झाले. उत्तर शून्य आलं तर तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा.

आणखी एक. चावा होण्याच्या आधीची तक्रार सोन्यासारखी असते. एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर, सव्वीस जानेवारी, ग्रामसभा होतेच. तिथे ठराव लिहून घ्या की अमुक चौकात, शाळेसमोर, बोडीवर कुत्री अंगावर येतात. उद्या कोणी म्हणूच शकणार नाही की आम्हाला माहीत नव्हतं.

कुत्रं पाळीव असेल तर गोष्ट अधिक सरळ आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या जनावराची नीट काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबईत लिफ्टमध्ये शेजाऱ्याला आपलं कुत्रं चावलं म्हणून मालकाला न्यायालयाने २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा सुनावली, तीही २०१८ च्या घटनेसाठी. गावात शेजारधर्म आडवा येतो हे मी जाणतो. पण शेजारधर्म आहे म्हणूनच कुत्र्याच्या मालकाने स्वतःहून सुईचा आणि मजुरीचा खर्च घरी आणून द्यायला हवा.

वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे, ही खरी अडचण. भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. फोन १५१००, त्याला पैसे पडत नाहीत. चावे कोणाला होतात ते बघा: पहाटे शेतावर निघालेल्या बाया, शाळेत जाणारी पोरं, रात्रपाळीहून सायकलवर येणारा मजूर. कायद्याने ज्यांना फुकट वकील देऊ केला आहे, त्यांतलेच बहुतेक. दोघांची गाठ मात्र पडत नाही, कारण कोणी सांगतच नाही. दवाखान्यात सुई टोचतात त्या खोलीच्या दारावर हा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. त्याला कुठल्या शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही, रंगाचा एक डबा पुरे.

आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माझी मागणी एकच आहे. वन्यप्राण्यांच्या हल्ल्याची प्रकरणं जशी तुम्ही हाताळता, तसाच एक साधा नमुना, एक समिती आणि एक मुदत कुत्र्यांच्या चाव्यांसाठी ठरवा. पंचनामा कसा करायचा, दाखला कसा तपासायचा, बँकेत पैसे कसे टाकायचे, हे या जिल्ह्याच्या यंत्रणेला शिकवावं लागत नाही. नागझिऱ्याने ते शिकवलं आहे.

गेल्या आठवड्यात मी मावशीला घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. तिने सगळे कागद जपून ठेवले होते, लसीचं कार्ड, चिठ्ठी, गाडीभाड्याची दोन चिटोरीसुद्धा, राशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. तिथल्या साहेबांनी सांगितलं, असा नमुना आपल्याकडे नाही. मी म्हटलं, साध्या कागदावर लिहितो. बाकावर बसून लिहायला घेतलं. तारीख, वेळ, बोडीची पाळ, चार खुणा, बुडालेले दिवस. रकमेशी येऊन पेन थांबलं. मी मावशीला पंजाबचा दर सांगितला. तिने बोटावर मोजलं आणि दचकली.

"एवढे नको लिहू भाऊ, हासतीन लोकं."

मी लिहिलं. चाळीस हजार. तिने अंगठा न लावता सही केली, नातीने शिकवलेली, प्रत्येक अक्षर सुटं सुटं. साहेबांनी कागद दोनदा वाचला, शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला. पुढच्या मासिक सभेची नोटीस काल भिंतीवर लागली. सहावा विषय: कुत्रा चावल्याबाबत भरपाईचा अर्ज.